बेकरीच्या अर्ध्या दारातली जोडी

माइकेनच्या छापखान्यात प्रेमी जोड्यांना तोटा नव्हता. दोऱ्यांवर ओळीने वाळत घातलेल्या असत. चुलीपाशी बसून बायकोच्या कमरेत हात घालणारा शेतकरी, दारूचा पेला पुढे करणारा शिपाई आणि पेल्याकडे न बघता त्याच्या मिशांकडे बघणारी मोलकरीण, एकाच कागदावर डोकं घालून गाणारे दोघे, पैशांची थैली उघडून दाखवणारा म्हातारा आणि थैलीत डोकावून गालातल्या गालात हसणारी तरणी पोर. हार्लेम शहरातल्या लोकांचा या जोड्यांवर भारी जीव. बायबलातले प्रसंग महिनोन् महिने पडून राहत, पण कुणी कुणाला मिठी मारलेली छापली की शाई वाळायच्या आत गिऱ्हाईक दारात उभं. घरी नेऊन भिंतीला चिकटवायचे आणि धर्मोपदेशक घरी आले की सांगायचे, पोरांनी असं वागू नये म्हणून लावलंय. धर्मोपदेशकही ते चित्र जवळ जाऊन, नीट निरखून बघत.

माइकेन चित्राबरोबर त्या जोडीचं भविष्य फुकट सांगायची.

"शिपाई घेताय? घ्या. पण ही काही टिकणार नाही. त्याचे बूट बघा, दाराकडे वळलेत."

"आणि हा म्हातारा?" गिऱ्हाईक विचारी.

"टिकेल की. म्हातारा टिकेल तोवर."

गाणाऱ्या जोडीविषयी मात्र तिने कधी वावगा शब्द काढला नाही. सूर लागो न लागो, एका कागदात दोघांचं भागतंय, म्हणजे निभावलं, असं तिचं म्हणणं होतं.

ही माइकेन मूळची शहराबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांकडची. बाप कापड धुऊन उन्हात पांढरं करणारा. लहानपणी तिने ओलं लिनन गवतावर पसरायचं, वारा सुटला की त्यामागे धावायचं, आणि हात एवढे स्वच्छ की आई म्हणे, हिचे हात बघूनच कुणीतरी मागणी घालेल. मागणी घातली ती वाउटर छापणाऱ्याने. पांढऱ्या धंद्यातली पोर काळ्या धंद्यात आली. वाउटर सज्जन, अबोल माणूस. त्याने तिला तांब्याचा पत्रा निखाऱ्यांवर किती तापवायचा, शाई रेघांत कशी भरायची, वरची शाई आधी फडक्याने आणि शेवटी नुसत्या तळहाताने कशी पुसायची, सगळं शिकवलं आणि छातीच्या आजाराने एका हिवाळ्यात गेला. लोक म्हणाले, यंत्र विकून टाक. ती म्हणाली, विकते, हातातलं एवढं काम संपवते आणि विकते. ते काम काही संपलं नाही.

हात मात्र काळे झाले ते झालेच. जवसाच्या तेलात काजळी खललेली ती शाई. नखांत, बोटांच्या पेरांत, तळहाताच्या रेघांत बसली की साबण, राख, वाळू, कशालाही दाद देत नाही. चर्चमध्ये माइकेन हात एप्रनखाली घेऊन बसे. एरवी ती कशाला लाजणारी बाई नव्हती. तोंड भरून हसायची, पुढच्या दोन दातांत फट होती ती सगळ्या गल्लीला दाखवायची. पण वैधव्याची काही वर्षं गेल्यावर कधीमधी मनात यायचं की हे असले हात आता कोण हातात घेणार. मग ती जोरात यंत्राचं चाक ओढायची.

समोर लुबर्टची बेकरी. आमच्याकडे भट्टीतून पाव निघाला की बेकरीवाला शिंग फुंकतो. लुबर्टचं शिंग वाजलं की सगळी गल्ली पळायची, पण माइकेन जरा थांबून जायची. गर्दी ओसरली की लुबर्ट दाराची वरची फळी उघडी ठेवून खालच्या फळीवर कोपरं टेकायचा, आणि ती बाहेरून. मधे राय धान्याचा पाव. लहानपणी पिठाचं पोतं ओढायची कप्पी तोंडावर आदळून लुबर्टचं नाक एका बाजूला वाकलेलं. चाळिशी उलटली तरी लग्न नाही, कारण विचारायची वेळ आली की त्याला भट्टीतलं काहीतरी आठवायचं. नखशिखान्त पांढरा, पिठाने माखलेला. त्यात तो बोलायचा इतकं हळू, की त्याचं वाक्य पुरं होईतो माइकेनची तीन होत.

"आज पाव जरा..." लुबर्ट म्हणायचा.

"करपलाय. दिसतंय मला. माझ्या हाताला शोभेल असाच आहे, द्या."

आणि मग ती हसायची, आणि तिच्या हसण्याने तोही. एवढंच. पण दिवसभर यंत्राच्या चाकाला हात लावताना तिला ते अर्धं दार आठवायचं. यंत्र ओढणारा म्हातारा टोनिस सगळं ओळखून होता.

"पाव आणायला गेलीस की गहू पेरायला?" तो विचारी.

"तुम्ही चाक ओढा टोनिसकाका."

"ओढतोय गं पोरी. कुणीतरी ओढायला पाहिजे ना, मालकीण दारात उभी असते."

त्या वर्षी सेंट जॉनची जत्रा आली. आमच्या जत्रेतली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या मनात असतं तो बाईला मधाचा लांबट केक देतो. तोंडाने काही बोलायचं नाही. रविवारी तिच्या घरी जायचं. तिने केक कापून टोकाचा, कडक पापुद्र्याचा तुकडा त्याला दिला तर होकार. आणि केक न कापता परत आला तर नकार. परत आलेल्या केकाचा माणूस पुन्हा विचारत नाही. विचारलं तर गल्ली त्याला जगू देत नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी लुबर्ट छापखान्यात आला, कपड्यात गुंडाळलेला केक कागदांच्या थप्पीवर ठेवला आणि म्हणाला, "जरा कडक आहे. रविवारपर्यंत... मुरेल." आणि भट्टीतलं काहीतरी आठवून पळाला.

माइकेनने केक कोऱ्या कागदांच्या कपाटात ठेवला. दिवसातून कितीदा तरी कपाट उघडायची. टोनिसने मुकाट्याने बिजागरीला तेल घातलं. तिला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला शिपायाची जोडीसुद्धा टिकेल म्हणून सांगितलं.

आणि शनिवारी पाउवेल आला. हा आमच्या गल्लीचा चित्रकार. मेणाच्या लेपावर सुईने ओरखडायचं, आम्लात पत्रा बुडवायचा आणि मिळतील तेवढ्या पैशांची बिअर प्यायची, हा त्याचा दिनक्रम. माणसं मात्र अशी काढायचा की कुत्रं कुणाचं तेही ओळखू यावं. त्याने पत्रा टेबलावर टाकला.

"नवी जोडी आहे. जत्रा आहे तोवर काढ भराभर, हातोहात जाईल. मी चाललो वाफल खायला."

माइकेनने पत्रा निखाऱ्यांवर तापवला, शाई लावली आणि पुसायला घेतली. शाई निघत गेली तशी तांब्यावर एक बेकरी उमटली. अर्धं दार. दाराच्या आत कोपर टेकलेला माणूस. नाक एका बाजूला वाकलेलं. लुबर्टच, शंकाच नको, डोळ्यांतलं ते ओशाळं हसूसुद्धा. माइकेनही हसली. मग दाराबाहेर टेकलेल्या बाईवरची शाई पुसली गेली आणि तिचं हसू मावळलं.

चांगली भरलेली बाई. मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून हसतेय. हात फळीवर, लुबर्टच्या हाताला जवळजवळ लागलेला. आणि लुबर्ट तिच्याकडे असा बघतोय, जसा माणूस थंडीत भट्टीकडे बघतो. बाईची टोपी उजवीकडे कलंडलेली.

उजवीकडे कलंडलेली टोपी गल्लीत एकच होती. आग्नीत चीजवालीची. बेकरीच्या शेजारीच दुकान, तीही विधवा, अंगाने भरलेली आणि हसायला कायम तयार. माइकेनची टोपीही कलंडायची, कारण हात काळे म्हणून ती मनगटानेच टोपी मागे सारायची. पण तिची डावीकडे. आरशात रोज बघत होती ती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला केक देतो आणि दारात आग्नीतशी गुलूगुलू! तेही इतकं उघड की चित्रकाराने बसून काढावं! आणि आता हे चित्र मीच छापायचं, मीच विकायचं, आणि लोक विचारतील, माइकेन, ही जोडी टिकेल का? ती पत्रा असा घासायला लागली की टोनिस म्हणाला, "अगं, रेघा राहू देत त्यात."

"टिकेल!" माइकेन ओरडली. "चांगली टिकेल मेली!"

"काय?"

तिने हातातलं फडकं भिरकावलं. कपाट उघडलं, केक काढला आणि तशीच काळ्या हातांनी गल्ली ओलांडून गेली. बेकरीत शनिवारची गर्दी, आणि नेमकी आग्नीत सगळ्यांत पुढे. माइकेनने सगळ्यांदेखत केक अर्ध्या दारावर ठेवला. गुंडाळलेला, न कापलेला.

"घ्या. मला मधाचं सोसत नाही."

लुबर्टच्या हातातला पाव हातात राहिला. पिठाखाली चेहरा पांढरा पडला की नाही ते कळायला मार्ग नव्हता, पण त्याचे डोळे तिने पाहिले आणि तिला वाटलं आपण थोबाडीत मारली असती तर बरं. तो काही बोलायला गेला. त्याचं वाक्य सुरू व्हायच्या आत ती वळली होती.

परत येऊन तिने पत्रा पुन्हा तापवला, पुन्हा शाई भरली, पुन्हा पुसली, आणि या सगळ्यात त्या बाईकडे एकदाही बघितलं नाही. काम म्हणजे काम. टोनिसने ओलावलेला कागद पत्र्यावर घातला, वर जाड लोकरी कापडं पसरली, चाक ओढलं. रूळ कुरकुरत पलीकडे गेला. माइकेनने कागदाचं एक टोक धरलं आणि सोलून उचलला.

कागदावरून आरशातली माइकेन तिच्याकडे बघून हसत होती.

टोपी डावीकडे. दातांत फट. आणि हात काळे. बाईच्या हातांवर पाउवेलने रेघांवर रेघा ओढल्या होत्या, त्या तिने पत्र्यावर दाराची सावली समजून सोडून दिल्या होत्या. सावली कसली, तिचेच हात होते ते. काळेकुट्ट, लुबर्टच्या पांढऱ्या हाताशेजारी.

"टोनिसकाका," ती कशीबशी म्हणाली, "ही कोण आहे?"

टोनिसने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डोकं फिरलं का तुझं? तूच की."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पाउवेलने पत्रा टाकला तेव्हाच. पत्र्यावर तर जशीच्या तशी होतीस. मला वाटलं लाजून घासतेयस."

"पण माझी टोपी डावीकडे पडते!"

"तुझ्या आरशात. आम्हाला उजवीकडेच दिसते, इतकी वर्षं. आग्नीतची आणि तुझी एकाच बाजूला पडते. पाउवेल आळशी, कागदावर आधी काढलंच नसेल त्याने. खाणावळीच्या खिडकीत पत्रा मांडीवर घेऊन दिसलं तसं ओढलं. मग पत्र्यावर सुलट, कागदावर छापलं की उलट. हे मी तुला सांगायचं? आयुष्य गेलं तुझं या उलट्या-सुलट्यात!"

खरंच गेलं होतं. पण माणसाला स्वतःचं तोंड आरशातलंच ठाऊक असतं. जगाला दिसणारी माइकेन तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली होती, आणि तिचा मत्सर केला होता. किती सुंदर दिसत होती मेली! किती लाडाने बघत होता तो तिच्याकडे! माइकेनला हसू फुटलं, आणि हसता हसता तिला केक आठवला. केक परत गेला होता. लुबर्ट पुन्हा विचारणार नव्हता. तो काय, आमच्याकडचा कुणीच विचारत नाही.

"काका, आता काय करू?"

"तू दिलास परत, तू माग परत," टोनिस म्हणाला. "पण पळ. बेकरीवाला आहे तो, केक ठेवून पूजा करणार नाही."

ओला कागद दोन बोटांत धरून माइकेन पळाली. अर्ध्या दारावर केक नव्हता. आत फळीवरही नव्हता. लुबर्ट भट्टीकडे तोंड करून उभा होता, आणि गिऱ्हाइकं तशीच होती, कारण असा प्रसंग अर्धा सोडून घरी कोण जाणार.

"केक कुठाय?" माइकेनने विचारलं.

लुबर्ट वळला नाही. "विकला."

"कुणाला?"

"मला," आग्नीत मागून म्हणाली. तिच्या टोपलीत तो केक होता, वर माइकेनच्या बोटांचे काळे ठसे. "जावई यायचाय उद्या. का गं, तुला तर मधाचं सोसत नाही ना?"

"आग्नीत, तो दे."

"का म्हणून? तू ठेवलास, मी उचलला. मघाशी केक ठेवताना तू माझ्याकडे खाऊ की गिळू असं का बघत होतीस ते सांग आधी."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. माइकेनने चित्र तिच्या तोंडासमोर धरलं. "पत्र्यावर हिला बघून मला वाटलं, तू आहेस."

आग्नीतने चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, आणि अशी हसत सुटली की टोपली खाली ठेवावी लागली. "मी? माझे सगळे दात जागच्या जागी आहेत! आणि लुबर्टच्या दारात मी इतका वेळ हसले असते तर माझं चीज कोण विकणार होतं? अगं, रोज सकाळी तुम्हा दोघांचं हसणं ऐकून माझं अर्धं गिऱ्हाईक आधी तिकडे बघतं आणि मग चीज मागतं. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुला एकटीला नव्हतं?"

तिने चीज कापायची सुरी कमरेच्या म्यानातून काढली आणि केकाबरोबर माइकेनच्या हातात दिली. "घे. जावयाला मी चीज घालीन."

लुबर्ट आता वळला होता. माइकेनने केक अर्ध्या दारावर ठेवला. हे काळे हात सगळे बघताहेत हे तिला कळत होतं, पण एप्रनखाली घ्यायला सवड नव्हती. तिने टोकाचा पापुद्र्याचा तुकडा कापला आणि त्याच्यापुढे धरला.

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली. "मी माझाच हेवा केला. खा."

लुबर्टने तुकड्याकडे बघितलं, तिच्या बोटांकडे बघितलं. मग तिचा हात, तो काळा हात, आपल्या दोन्ही पांढऱ्या हातांत धरून जवळ घेतला आणि तुकडा तिच्या बोटांतूनच तोंडात घेतला.

केक अजून मुरलेला नव्हता. तुकडा दगडासारखा. लुबर्ट चावत राहिला आणि बेकरीतली यच्चयावत माणसं त्याच्या जबड्याकडे बघत राहिली. अखेर त्याने गिळला.

"रविवारपर्यंत..." तो म्हणाला.

"थांबायला हवं होतं. माहीत आहे मला."

"नाही," लुबर्ट म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने तिचं वाक्य तोडलं. "मला नव्हतं थांबायचं. मला आत्ताच पाहिजे होतं. आत ये, माइकेन."

इतकी वर्षं 'माइकेनबाई, तुम्ही' म्हणणारा माणूस. बायकांत खसखस पिकली. माइकेनने खालची फळी ढकलली, त्या दाराच्या आत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती, आणि आत गेल्यावर काय करायचं ते न सुचून तिने त्याला घट्ट मिठी मारली. लुबर्टने खुंटीवरचं शिंग काढलं आणि बाहेर तोंड काढून जीव खाऊन फुंकलं.

सगळी गल्ली टोपल्या घेऊन धावत आली. भट्टीत पाव नव्हता. बेकरीवाला दारात शिंग घेऊन हसत उभा होता, त्याच्या मागे छापखानेवाली गालाला पीठ लावून, आणि अर्ध्या दारावर मधाचा केक. आग्नीतने तो सगळ्यांना वाटला. दातांची ज्याला पर्वा होती त्याने बिअरमध्ये बुडवून खाल्ला. पाउवेलही आला, त्याने आपलं चित्र पाहिलं आणि म्हणाला, नाक भलत्याच बाजूला वाकलंय, आरशासमोर धरून बघा, मग जमेल. माइकेनला ते मान्य नव्हतं. कागदावर ती खरी होती आणि तांब्यावर तो खरा होता. तिने दोन्ही ठेवायचं ठरवलं, आणि पुढे बेकरीच्या भिंतीवर पत्रा आणि कागद शेजारी शेजारी लावले.

त्या दुपारी लुबर्ट लग्नाची नोंद द्यायला निघाला. कोट चढवायचंही भान नाही, तसाच पांढऱ्या सदऱ्यात, सगळी गल्ली ओलांडून. जो तो त्याच्याकडे बघून हसे आणि तो बापडा सगळ्यांना मान लववून आभार मानी. टोनिस छापखान्याच्या दारात उभा होता. लुबर्ट पुढे गेल्यावर त्यालाही कारण दिसलं. सदऱ्याच्या पाठीवर दोन काळे तळवे, बोटं फाकलेली, एकेक रेघ स्वच्छ उठलेली.

"माइकेन," त्याने आत हाक मारली, "ही प्रत मात्र चांगली निघाली."

लग्नानंतर माइकेनने तो सदरा साबणाने धुतला, राखेने घासला, माहेरच्यासारखा गवतावर उन्हात पसरला. शाई गेली नाही. ती चिडली, म्हणाली, याची फडकी करते. लुबर्टने सदरा तिच्या हातातून घेतला, झटकला आणि अंगात घातला. पुढे पाउवेलचा पत्रा झिजून जोडी पुसट झाली, गिऱ्हाइकं नव्या जोड्या मागू लागली, तरी रविवारी चर्चला जाताना कोटाखाली तोच सदरा असे. आणि बाकावर माइकेनचे हात एप्रनखाली नसत, ते त्याच्या हातात असत.